समुद्र दिसत नाही, ऐकू येतो

तर झालं असं, की डिसेंबरच्या एका लाँग वीकेंडसाठी कोकणात जायचं ठरलं. माणसं चार : मी, बायको, ऑफिसातला एक मित्र आणि त्याची बायको. आम्ही सगळेच आयटीवाले, त्यामुळे गाडीत पेट्रोल भरण्याआधी एक्सेल शीट तयार झाली. कॉलम : ठिकाण, पुण्यापासून अंतर, एका रात्रीचं भाडं, जेवणाची सोय, गरम पाणी, पार्किंग, आणि सगळ्यात शेवटी मित्राच्या बायकोच्या आग्रहाखातर पिवळ्या रंगात : 'सी फेसिंग आहे का?'

ठिकाण ठरलं मुरुड. इथे पहिला बग सापडला. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मुरुड दोन. एक रायगड जिल्ह्यातलं, जंजिऱ्याजवळचं. दुसरं रत्नागिरी जिल्ह्यातलं, दापोली तालुक्यातलं, हर्णैजवळचं. मित्र तीन दिवस पहिल्या मुरुडातल्या खोल्या बघत होता आणि मी दुसऱ्या. 'अरे, तुझ्या काकूंकडून किल्ला दिसतो म्हणतात तो जंजिराच ना?' असं त्याने विचारलं तेव्हा उलगडा झाला. (बुकिंगच्या आधी झाला हे नशीब. नाहीतर दोन जोडपी दोन जिल्ह्यांत सुट्टी साजरी करत बसली असती. :-) ) तुम्हीही जाणार असाल तर फोनवर पहिलं वाक्य हेच बोला : 'दापोलीचं मुरुड ना?'

मग मी त्या काकूंना फोन लावला. घरगुती गेस्टहाऊस, मागच्या अंगणाला लागून चार खोल्या, जेवण त्यांच्याच स्वयंपाकघरातलं. भाडं, जेवण, गरम पाणी सगळं ठरलं. मग पिवळा कॉलम.

"काकू, खोलीतून समुद्र दिसतो का हो?"

"समुद्र दिसत नाही. ऐकू येतो," काकू म्हणाल्या. "आमच्याकडे घराचं तोंड रस्त्याला असतं. समुद्र मागे. बेडं ओलांडलंत की पुळणच."

फोन ठेवला आणि तेच डोक्यात राहिलं. समुद्र अगदी पाठीशी, आणि घराने त्याच्याकडे पाठ का फिरवावी? आपण शहरात दहाव्या मजल्यावरून चिमूटभर खाडी दिसते म्हणून लाखांनी जास्त मोजतो आणि यांच्या दारात अख्खा अरबी समुद्र असून खिडकीसुद्धा नाही! शनिवार-रविवार त्यातच गेला.

सरळ उत्तर हवंय तर ते सोपं आहे. मुरुड, गुहागर, दिवेआगर ही किनाऱ्याला समांतर रस्त्यावर वसलेली गावं. रस्त्याला लागून अंगण, मग पडवी, माजघर, स्वयंपाकघर, मागचं दार, विहीर, आणि मग समुद्राकडे लांबत गेलेली नारळी-पोफळीची वाडी. वाडीच्या शेवटी कुंपण, त्यात बेडं म्हणजे आडव्या बांबूंचं फाटक, आणि पलीकडे वाळू. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून जो वारा आणि पाऊस येतो तो काही 'सी व्ह्यू' नव्हे. खारा वारा लोखंड खातो, कौलं उडवतो. तेव्हा मधे वाडी ठेवायची, मार झाडांनी खायचा आणि माणसांनी मागे झोपायचं. सिस्टीमच्या भाषेत सांगायचं तर वाडी ही फायरवॉल.

पण हे अर्धंच उत्तर झालं. समुद्राकडे पाठ केलेल्या या गावाचं पुढचं दार मात्र शेकडो वर्षं समुद्रातच होतं. ते दार म्हणजे चार-पाच किलोमीटरवरचं हर्णै बंदर.

हर्णैच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. किनाऱ्यावर त्याच्या सोबतीला कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. एका बंदरासाठी चार किल्ले म्हणजे बंदर किती मोलाचं असेल बघा. कान्होजी आंग्रे ज्या ठाण्यांच्या बळावर मोठे झाले त्यांतलं हे महत्त्वाचं ठाणं. मुंबईतले इंग्रज, गोव्याचे पोर्तुगीज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या तिघांशीही कान्होजी झुंजले. इंग्रज त्यांना 'पायरेट' म्हणत. मराठ्यांच्या लेखी ते सरखेल. परवाना न घेता आमच्या पाण्यातून गेलात तर जहाज पकडणार, एवढा साधा नियम. हेच काम दुसऱ्याने केलं की चाचेगिरी आणि आपण केलं की कस्टम्स, असा हा जुना वाद आहे.

कान्होजी १७२९ साली वारले. मुलांत भांडणं झाली आणि पुढे दक्षिणेकडची सूत्रं तुळाजी आंग्र्यांकडे आली. तुळाजी आणि नानासाहेब पेशवे यांचं फाटलं. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते आणि पेशव्यांना समुद्रावर दुसरी सत्ता नको होती. १७५५ च्या मार्चमध्ये पेशव्यांचे सुभेदार रामाजी महादेव यांनी मुंबईच्या इंग्रजांशी करार केला. २ एप्रिलला कमोडोर विल्यम जेम्स 'प्रोटेक्टर' हे ४४ तोफांचं जहाज घेऊन सुवर्णदुर्गासमोर आला आणि भडिमार सुरू केला. किल्ल्यातला दारूसाठा पेटला आणि काही दिवसांतच किल्ला पडला. कराराप्रमाणे तो पेशव्यांना मिळाला.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, अॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून गेले. बंदरात तुळाजींचं आरमार एकमेकांना खेटून उभं होतं. आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेल्या 'रेस्टोरेशन' जहाजावर गोळा पडला, ते पेटलं आणि आग एकाकडून दुसऱ्याकडे पसरत गेली. सगळं आरमार जळालं. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेले आणि कैदेतच वारले. इंग्रजांना या व्यवहारात मुरुडच्या उत्तरेचं बाणकोट मिळालं. त्याला त्यांनी 'फोर्ट व्हिक्टोरिया' असं नाव दिलं.

शाळेत आपल्याला पानिपत १७६१ पाठ असतं. १७५६ कुणालाच नसतं. पानिपतानंतर मराठे पुन्हा उत्तरेत गेले, दिल्लीपर्यंत पोचले. पण पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना अडवेल असं आरमार पुन्हा उभं राहिलं नाही. घरातलं भांडण मिटवायला शेजारी बोलावला आणि दाराची किल्ली त्याच्या हातात गेली. नानासाहेबांना एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. तुळाजीही कुणाशी पटवून घेणारे नव्हते. पण बिल दोघांच्याही पुढच्या पिढ्यांना आलं.

एक गंमत. विल्यम जेम्स १७८३ मध्ये वारला. त्याच्या बायकोने दुसऱ्या वर्षी लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या आठवणीसाठी तीन कोनांचा एक बुरूज बांधला, सुमारे ६३ फुटांचा. नाव 'सेव्हर्नड्रूग कॅसल'. म्हणजे आपला सुवर्णदुर्गच, इंग्रजी जिभेवर वितळलेला! डागडुजी होऊन २०१४ पासून तो लोकांना बघायलाही मिळतो. लंडनला ऑनसाइट असलेल्यांनी एखाद्या रविवारी जरूर जाऊन या आणि फोटो पाठवा.

असो. सत्ता गेली तरी दार उघडंच होतं. माणसं समुद्रानेच येत-जात होती. पावसाळ्यात समुद्र बंद, नारळी पौर्णिमेनंतर खुला. जमिनीवरून जायचं तर काय व्हायचं, याचं मुरुडकरांकडे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे या गावचे. १८७५ मध्ये परीक्षेला बसण्यासाठी ते इथून साताऱ्याला चालत गेले. अंतर ११० मैल, मधे अख्खा सह्याद्री. तिथे पोचल्यावर परीक्षकांनी 'तू फारच लहान दिसतोस' म्हणून परत पाठवलं. आपण ट्रॅफिकमुळे इंटरव्ह्यूला उशीर झाला तर आठवडाभर कुरकुरतो.

मग आगबोटी आल्या. मुंबईच्या गिरण्यांना, घरांना, कचेऱ्यांना माणसं हवी होती आणि रत्नागिरी जिल्ह्यात शेतीवर पोट भरत नव्हतं. हर्णैला बोट किनाऱ्याला लागत नसे. ती खोल पाण्यात थांबायची आणि पडावातून माणसं, ट्रंका, फणस, सगळं तिथपर्यंत न्यायचे.

माझे आजोबा असेच गेले. १९४८ साली, सोळाव्या वर्षी, या मुरुडातून. ते सांगायचे की पडावातून बोटीच्या शिडीवर पाय टाकताना खाली बघायचं नाही, एवढंच त्यांच्या आईने बजावलं होतं. त्यामागे कारण होतं. आदल्याच वर्षी, १७ जुलै १९४७ ला, मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वाटेत बुडाली होती आणि सहाशेहून जास्त माणसं गेली होती. रेवस तिकडे अलिबागजवळ, हर्णैशी थेट संबंध नाही, पण किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराने ती बातमी आपलीच मानली. तरीही आईने पोराला बोटीत बसवलं, कारण दुसरा रस्ताच नव्हता.

रस्ता नंतर आला. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली आणि पुढे लाल गाडी कोकणातल्या गावागावांत पोचली. बोटी हळूहळू कमी होत बंद पडल्या. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि मुरुडचं 'जवळचं स्टेशन' झालं खेड, म्हणजे समुद्राच्या बरोबर उलट दिशेला. गाव होतं तिथेच राहिलं, पण दार फिरलं. जिथे प्रवास सुरू व्हायचा तिथे तो आता संपायला लागला. किनारा म्हणजे शेवटचा स्टॉप.

आणि शेवटच्या स्टॉपला आपण सुट्टीत जातो. जे बघायला जातो ते म्हणजे समुद्र. तिथल्या माणसाला तो बघायची गरज कधी पडली नाही, त्याला तो वापरायचा होता. म्हणून काकूंच्या घराला खिडकी नाही.

हे सगळं मी काकूंना दुसऱ्या फोनवर थोडक्यात सांगितलं. (अॅडव्हान्स मिळाला का विचारायला केला होता.) त्या हसल्या. म्हणाल्या, "खिडकी पाडली तरी पूर्वी दिसला नसताच. वाडी होती ना मधे. आता दिसेल थोडा." मी विचारलं, आता का? "निसर्गात गेली की झाडं."

'निसर्ग' म्हणजे ३ जून २०२० चं चक्रीवादळ. ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि दापोली, मंडणगडपर्यंत वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावली की सुपारी धरायला पाच-सात वर्षं, नारळाचंही तेच. काकूंच्या बऱ्याचशा पोफळी एका दुपारी गेल्या. नवी रोपं लावली आहेत, ती अजून अंगात भरायची आहेत. तोवर घर चाललंय ते आपल्यासारख्यांच्या खोलीभाड्यावर आणि मोदकांवर. फायरवॉल पडली, सर्व्हर तसाच चालू आहे.

तेव्हा माझी एक विनंती. किनाऱ्यावर राहायची जागा शोधताना 'समुद्रापासून किती फूट' हा प्रश्न थोडा मागे ठेवा. १९९१ पासून भरतीरेषेजवळच्या बांधकामावर सीआरझेडचे नियम आहेत, आणि जितकं पाण्याजवळ तितकं मधलं काहीतरी कापलेलं असण्याची शक्यता जास्त. त्यापेक्षा विचारा, वाडी आहे का? माझ्या एक्सेलमधला पिवळा कॉलम मी बदलला. आता तिथे लिहिलंय : 'वाडी आहे का?' मित्राच्या बायकोने आधी नाक मुरडलं, मग हे सगळं ऐकून 'ओके, पण पहाटे बीचवर जायचंच' या अटीवर मान्य केलं.

आमचा प्लॅन असा : शुक्रवारी पहाटे ताम्हिणी-माणगाव-मंडणगड-दापोलीमार्गे. दुपारी जेवण आणि झोप (नॉन-निगोशिएबल). संध्याकाळी हर्णैचा मासळीचा लिलाव. शनिवारी समुद्राने परवानगी दिली तर होडीने सुवर्णदुर्ग; जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे, तेव्हा गर्दी वाढायच्या आत बघून घेऊ. रविवारी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आणि परत.

एक राहिलं. आजोबांचं मुरुडातलं घर माझ्या जन्माच्या आधीच विकलं. वाटण्या, सह्या, कोर्ट नको म्हणून घाईत. त्यानंतर बाबा तिकडे गेलेच नाहीत. विषय निघाला की चहा करायला उठतात. परवा ही एक्सेल शीट स्क्रीनवर उघडी होती. बाबा मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, "देवळापासून किती लांब आहे रे ही जागा?" मी म्हटलं, पाच मिनिटं. ते काही बोलले नाहीत. रात्री जेवताना मधेच विचारलं, "पाचवी गादी मिळेल का, विचार त्यांना."

काकू म्हणाल्या, मिळेल. 'व्यक्ती' कॉलममध्ये ४ चा ५ केलाय. भाड्याचा फॉर्म्युला आपोआप अपडेट झाला.

आल्यावर लिहीनच.