परकर आणि लुगडे यांच्यामधली वर्षे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी पांढरपेशा घरातल्या मुलीच्या वाट्याला दोनच पोशाख येत. लहानपणी परकर-पोलके आणि लग्न झाले की लुगडे. वैधव्य आलेच तर आलवण, आणि ते शिक्षेसारखे अंगावर चढे. लग्न दहाव्या-बाराव्या वर्षी उरकले जाई, त्यामुळे परकर आणि लुगडे यांच्यामध्ये काही उरतच नसे. कालची मुलगी आज सून झाली, एवढाच हिशेब. मधल्या वयाला कापड नव्हते, कारण मधले वय म्हणून काही समाजाने धरलेलेच नव्हते. साधारण १९३० ते १९७५ या काळात मराठी तरुण-तरुणींच्या कपड्यांत जे बदल झाले, त्यांचे मूळ मला या रिकाम्या जागेत दिसते. त्यांचे श्रेय किंवा दोष सहसा सिनेमाला, इंग्रजी शिक्षणाला, नाहीतर गिरणीच्या स्वस्त कापडाला दिला जातो. या सगळ्यांचा हात होता हे खरे. पण आधी आयुष्यात काही नवी वर्षे निर्माण झाली आणि मग त्या वर्षांसाठी कपडे शोधावे लागले. स्वातंत्र्य आले तेही त्या वर्षांपुरतेच.

ही वर्षे निर्माण झाली कशी? कायद्याने थोडी, आणि शाळा-नोकरीने बरीच. १९२९चा सारडा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू झाला आणि मुलीच्या लग्नाची किमान मर्यादा चौदा वर्षांवर आली. तो लागू होण्याआधी देशभर घाईघाईने बालविवाह उरकले गेले, यावरूनच त्याचा धाक कळतो. अंमलबजावणी मात्र दुबळी राहिली. १९४९मध्ये ही मर्यादा पंधरा झाली. कायद्याच्या पुढे धावत होती ती शहरातली शाळा. पुण्यात हुजूरपागा होती, १९१६पासून कर्व्यांचे महिला विद्यापीठ होते, आणि मॅट्रिक झालेली मुलगी सतरा-अठरा वर्षांची होऊनही बिनलग्नाची घरात दिसू लागली होती. मग महायुद्ध आले. १९४३मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले, त्या कचेऱ्यांना कारकून हवे होते आणि महागाईने पिचलेल्या घरांना दुसरा पगार हवा होता. शिक्षिका आणि परिचारिका आधीपासून होत्याच. आता टंकलेखक, टेलिफोन ऑपरेटर, कारकून अशी कामे मुलींच्या हाती येत गेली. लग्नाआधी चार-सहा वर्षे रोज घराबाहेर पडणारी, रात्री घरी परतणारी आणि महिन्याच्या शेवटी पगार आणणारी मुलगी ही मराठी समाजात अगदी नवी व्यक्ती होती. तिने काय नेसावे, याचे उत्तर आजीकडे नव्हते.

तिला मिळालेले उत्तर म्हणजे गोल नेसायची पाचवारी. तिच्यावरून तीस-चाळीसच्या दशकांत सकच्छ की विकच्छ असा वाद घरोघर आणि छापील मजकुरातही रंगला. कासोटा सोडणे हे अधार्मिक आहे, परप्रांतीय आहे, नखरेल आहे, असे आक्षेप होते. आज त्या वादाकडे पाहताना एक स्पष्टीकरण चटकन सुचते, ते म्हणजे काटकसरीचे. युद्धकाळात कापडाची टंचाई होती, १९४३मध्ये सरकारने सुती कापडावर नियंत्रण आणले, तेव्हा नऊ वारांऐवजी पाच-सहा वारांत भागवणे साहजिक वाटते. पण हिशेब मांडून पाहिला तर तो जमत नाही. गोल साडीच्या आत परकर लागतो. साडीत वाचलेल्या तीन-चार वारांतले दोन-अडीच वार त्या परकरात जातात, शिवाय शिलाई द्यावी लागते. नऊवारीला आतून काही लागत नसे. टंचाईने बदलाला हातभार लावला असेल, पण बचत एवढी थोडी असताना घरातल्या वडीलधाऱ्यांशी भांडण ओढवून घेण्याला दुसरे काहीतरी कारण हवे.

इथे एक अधिक गंभीर आक्षेप येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. पाचवारी ही मोकळीक कशी? चालण्या-धावण्याला, चढण्या-उतरण्याला कासोट्याचे लुगडेच सोयीचे. शेतात लावणी करणारी, कापडगिरणीच्या खात्यात उभी राहणारी, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बाजार गाठणारी बाई लुगड्यातच वावरत होती, आणि तिच्या कामाचा वेग पाहिला तर नव्या गोल साडीतली मुलगी पायात पाय अडकून मागे राहिली असती. हे पूर्णपणे मान्य आहे. किंबहुना म्हणूनच या बदलाचा अर्थ अंगाच्या सोयीत शोधता येत नाही. लुगडे बाईची ओळख सांगत असे. नेसण्याच्या तऱ्हेवरून, ओच्यांवरून, काठांवरून आणि ते गुडघ्यापर्यंत आहे की घोट्यापर्यंत, यावरून तिची जात, तिचा मुलूख, तिच्या घराची ऐपत रस्त्यावरच्या माणसाला कळे. गोल साडी यातले फारसे काही सांगत नव्हती. गुजराती, पारशी, बंगाली मुलीही आपापल्या तऱ्हेने साडी नेसत होत्याच, आणि हळूहळू त्या तऱ्हा एकमेकींच्या जवळ आल्या. लोकलच्या बायकांच्या डब्यात उभी असलेली गोल साडीतली मुलगी पाहून ती कुणाची कोण हे ओळखणे अवघड झाले. ती शिकते किंवा नोकरी करते, एवढेच कळत होते. ज्या काळात बाई म्हणजे कुणाची तरी मुलगी किंवा बायको, त्या काळात अशी निनावी उभी राहण्याची मुभा ही फार मोठी गोष्ट होती.

कपडे ओळख सांगतात आणि ती ओळख मुद्दाम बदलता येते, हे सर्वांत लख्खपणे कळले होते ते पांढरपेशांना नव्हे. अनेक गावांत महार स्त्रियांना लुगड्याचे काठ दिसतील असे नेसण्याची मुभा नव्हती. काठ निऱ्यांत लपवावे लागत. डिसेंबर १९२७मध्ये महाडच्या परिषदेला जमलेल्या स्त्रियांपुढे बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेसण्याची जुनी तऱ्हा सोडा, जात दाखवणारे जड दागिने उतरवा आणि मुलींना शाळेत घाला असे सांगितले, आणि स्त्रियांनी तिथल्या तिथे घोट्यापर्यंत लुगडे नेसायला सुरुवात केली. या घटनेकडे केवळ उच्चवर्णीयांचे अनुकरण म्हणून पाहणे मला अन्यायाचे वाटते. जी खूण दुसऱ्याने लादली होती ती काढून टाकणे हा तिचा गाभा आहे. जुलै १९४२मध्ये नागपूरला भरलेल्या दलित महिला परिषदेत आंबेडकरांनी आणखी पुढचे सांगितले: मुलांची लग्ने करण्याची घाई करू नका, आणि लग्न करणारी मुलगी नवऱ्यापुढे मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभी राहू द्या. शाळा, स्वच्छ नेटके नेसणे आणि लांबलेले लग्न या तिन्ही गोष्टी तिथे एका सूत्रात आल्या. म्हणून हा सगळा बदल पुण्या-मुंबईच्या मूठभर घरांचा होता, हा आक्षेप अर्धाच खरा मानावा लागतो. १९५१च्या जनगणनेत देशातल्या स्त्रियांची साक्षरता ९ टक्क्यांच्या आत होती. कॉलेजात जाणाऱ्या मुली थोड्याच होत्या हे उघड आहे. पण मधल्या वर्षांची मागणी मूठभरांपुरती नव्हती.

आता सिनेमा. १९३८च्या ‘ब्रह्मचारी’ या चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसल्या आणि महाराष्ट्रभर त्याची चर्चा झाली. सिनेमा दाखवतो आणि तरुणी घालतात, एवढे सरळ असते तर पुढच्या उन्हाळ्यात नदीच्या घाटांवर काही वेगळेच दिसले असते. तसे झाले नाही. उलट १९६०च्या ‘लव्ह इन सिमला’मध्ये साधनाने कपाळावर झुलणारे केस कापून घेतले, तर ‘साधना कट’ पाहता पाहता शहरोशहरी पोचला. फरक असा, की कपाळावरचे केस कापायला पैसे लागत नाहीत, मागची वेणी तशीच राहते, आणि आई रागावली तरी केस काही पुन्हा जोडता येत नाहीत. कॉलेजच्या मुलीच्या आवाक्यात जेवढे बसत होते तेवढेच तिने पडद्यावरून उचलले. शिवाय पडदाही स्वतःच्या मनाने काही काढत नव्हता. त्या काळातल्या अनेक चित्रपटांची वेशभूषा कोल्हापूरच्या भानू अथय्यांनी केली. त्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या, एका स्त्रियांच्या साप्ताहिकासाठी फॅशनची रेखाटने करणाऱ्या, आणि १९५६च्या ‘सी.आय.डी.’पासून सिनेमात आलेल्या. शिकलेली, स्वतःच्या कमाईवर उभी राहिलेली मराठी तरुणी पडद्याला पोशाख देत होती, तेव्हा कुणी कुणाचे अनुकरण केले हे इतक्या सहज ठरवता येत नाही.

माझ्या मते सिनेमापेक्षा शिवणक्लासचा वाटा मोठा आहे आणि त्याची दखल फार कमी घेतली गेली. उषा शिलाई यंत्रे तीसच्या दशकाच्या मध्यापासून देशात तयार होऊ लागली आणि पुढच्या वीस वर्षांत आळीआळीत, चाळीचाळीत शिवणाचे वर्ग निघाले. लग्नाच्या बाजारात मुलीला ‘शिवण येते’ हा गुण होता, म्हणून घरचे आनंदाने पाठवत. पण तिथे शिकलेली मुलगी झंपराची बाही फुग्याची ठेवायची की आखूड करायची, गळा किती खोल घ्यायचा, हे स्वतः ठरवू लागली. शिंप्याकडे माप देताना आई सोबत असे. स्वतःच्या यंत्रावर कुणी नसे. १९३०मध्ये सुरू झालेले किर्लोस्करांचे ‘स्त्री’ मासिक आणि त्याच्यासारखी इतर नियतकालिके घरात येत होती आणि विचार व नमुने दोन्ही पुरवत होती. पुढे नायलॉन आले, टेरिलीन आले, आणि त्यांचे आकर्षण नुसत्या चकाकीचे नव्हते. एका खोलीत सातजण राहणाऱ्या, ठरावीक तासच पाणी येणाऱ्या घरातल्या नोकरदार मुलीला रात्री धुऊन सकाळी नेसता येणारी, खळ आणि इस्त्री न लागणारी साडी म्हणजे घरात कुणाची मदत न मागता दुसऱ्या दिवशी नीटनेटके बाहेर पडण्याची सोय होती.

मुलांची गोष्ट थोडक्यात सांगून होते, कारण त्यांना मधली वर्षे आधीपासून थोडी मिळाली होती. कचेरीच्या निमित्ताने त्यांच्या अंगावर कोट-पाटलोण केव्हाच आली होती. त्यांच्याकडचा खरा बदल डोक्यावर झाला. बोडक्या डोक्याने बाहेर पडणे अशुभ, सुतकाचे मानणाऱ्या समाजात काळी टोपी, मग गांधी टोपी आणि चाळीस-पन्नासच्या दशकांत भांग पाडलेले उघडे केस अशी वाटचाल झाली. पुढच्या पिढीत सत्तरच्या दशकातले लांब केस, कल्ले आणि बेलबॉटम आले, तेव्हा बापलेकांचे भांडण टोपीऐवजी न्हाव्याच्या दुकानावरून होऊ लागले.

राहता राहिला सर्वांत कठीण आक्षेप: हे स्वातंत्र्य खरे होते का? कपडा निवडला, पण नवरा निवडता आला का, पगार स्वतःकडे ठेवता आला का? मराठी साहित्याने याचे उत्तर निर्भीडपणे दिले आहे. १९३३मध्ये विभावरी शिरूरकर या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ आले आणि खळबळ माजली. त्यातल्या कमावत्या, शिकलेल्या मुली घराचा आधार आहेत आणि त्याच कारणाने त्यांच्या लग्नाची कुणाला घाई नाही. चौतीस वर्षांनी, १९६७मध्ये, विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगमंचावर आले आणि त्यातल्या लीला बेणारे या अविवाहित शिक्षिकेला तिच्याबरोबरची माणसेच खेळातल्या पिंजऱ्यात उभी करतात. म्हणजे साडी बदलली, नोकरी स्थिरावली, तरी एकट्या बाईचा न्याय करण्याचा हक्क इतरांनी सोडला नव्हता. हे मी माझ्या म्हणण्याविरुद्धचा पुरावा मानत नाही. वर्षे मिळाली होती, पण त्यांना दोन्ही बाजूंनी कुंपण होते.

ते कुंपण कुठे होते हे पंजाबी ड्रेसने दाखवून दिले. फाळणीनंतर मुंबई, पुणे, उल्हासनगर इथे वसलेल्या पंजाबी-सिंधी कुटुंबांतल्या मुलींच्या अंगावर सलवार-कमीज रोजच्या वापरात होती. साठ-सत्तरच्या दशकांत मराठी कॉलेजकन्यांनी ती उचलली, काहींनी बेलबॉटमही घातली, आणि घरचे कुरकुरत का होईना सवयीचे झाले. पण लग्न ठरले की ते कपडे धाकट्या बहिणीकडे जात. पंचविशीतली, नोकरी करणारी मुलगी सासरी पहिल्या दिवसापासून साडीत, आणि कचेरीतही साडीतच. कपडे तिच्या अंगाचे किंवा आवडीचे नव्हते, ते वयाच्या त्या पट्ट्याचे होते, म्हणून पट्टा संपताच उतरले. १९७८मध्ये मुलीच्या लग्नाची मर्यादा अठरा झाली तेव्हा शहरांत ती केव्हाच ओलांडली गेली होती. तोवर वाद दुसरीकडे सरकला होता. लग्नाच्या बैठकीत मानपान आणि देण्याघेण्याच्या जोडीने मुलीकडून एक नवा प्रश्न विचारला जाऊ लागला: सासरी पंजाबी ड्रेस चालेल का? तीस वर्षांपूर्वीच्या मुलीला हा प्रश्न सुचलाही नसता. आता तो विचारला जात होता, आणि उत्तर नकारार्थी आले तर क्वचित एखादे स्थळ नाकारलेही जात होते.