द्रवणांक

द्रवणांक (अन्य नावे: वितळबिंदू, द्रवणबिंदू) म्हणजे ज्या तापमानाला स्थायू पदार्थाचे द्रवात रूपांतर होते ते तापमान. सामान्यतः तो एक वातावरण दाबाला मोजतात. पदार्थ वितळत असताना उष्णता देत राहिले, तरी संपूर्ण पदार्थ वितळेपर्यंत तापमान वाढत नाही. या काळात शोषल्या जाणाऱ्या उष्णतेस वितळणाचा अप्रकट उष्मा म्हणतात. १ ग्रॅम बर्फासाठी तो सुमारे ८० कॅलरी असतो.

काही पदार्थांचे द्रवणांक (°से.)
- पारा: −३८.८
- बर्फ: ०
- खोबरेल तेल: सुमारे २४
- गंधक: सुमारे ११५
- कथील: २३१.९
- शिसे: ३२७.५
- जस्त: ४१९.५
- ॲल्युमिनियम: ६६०.३
- मीठ: ८०१
- चांदी: ९६१.८
- सोने: १०६४.२
- तांबे: १०८४.६
- लोखंड: १५३८
- टंगस्टन: ३४२२

काच व लोणी यांना निश्चित द्रवणांक नसतो. ते तापवल्यास हळूहळू मऊ होत जातात.

मिश्रधातू

शुद्ध पदार्थात दुसरा पदार्थ मिसळला असता द्रवणांक बहुधा घटतो. म्हणून प्रयोगशाळेत द्रवणांकावरून पदार्थाची शुद्धता पारखतात. ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे यांचे डाखण १८३° से.ला, म्हणजे दोन्ही घटकांच्या आधीच वितळते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील उदाहरणे

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी असलेल्या दायमाबाद येथे १९७४ साली रथ, हत्ती, गेंडा व म्हैस अशी ताम्रप्रधान धातूची चार भरीव ओतीव शिल्पे सापडली. विजापूरच्या तटावरील सुमारे ५५ टन वजनाची मुलूखमैदान तोफ मुहम्मद बिन हसन रूमी याने १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतली. तिच्या धातूत सुमारे चार भाग तांबे व एक भाग कथील आहे. असे कांस्य सुमारे ९००° से.ला पूर्णपणे वितळते. त्यामुळे शुद्ध तांब्यापेक्षा कमी तापमानात रस मिळतो व तो साच्यात सहज पसरतो. मात्र कथिलाचे प्रमाण वाढल्यास धातू कठीण व ठिसूळ होतो.

व्यवहारातील महत्त्व

पितळी भांड्यांची कल्हई कथिलाची असते. भांड्यात पाणी असेपर्यंत आतील पृष्ठभागाचे तापमान १००° से.च्या आसपास राहते व कल्हई टिकते. रिकामे भांडे चुलीवर राहिल्यास ते २३२° से.च्या वर जाऊन कल्हई वितळू शकते. कल्हईच्या कथिलात शिसे मिसळल्यास ती कमी तापमानाला लावता येते. परंतु शिसे विषारी असल्याने अशी कल्हई स्वयंपाकाच्या भांड्यांसाठी घातक असते.