कार्ल्याच्या जोडप्यांची लाज कशाला?

लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्यात आपले तरुण जातात आणि चैत्याच्या दर्शनी भिंतीसमोर गोंधळतात. बुद्धांच्या लेण्यात ही स्त्री-पुरुषांची जोडपी कशी? कुणी म्हणतो, ही नंतरची घुसखोरी. कुणी फोटो काढताना ती वगळतो. विरोधक नेमके त्यांच्यावरूनच टोमणे मारतात.

उत्तर दगडावरच कोरलेले आहे. भदसम नावाच्या भिक्षूने मिथुनांचे दान दिल्याचा ब्राह्मी लेख तिथे आहे. घरदार सोडलेल्या भिक्षूला ज्याची लाज वाटली नाही, त्याची आपल्याला का वाटावी? उपासक-उपासिकांच्या संसाराला संघाने चैत्याच्या दारात मानाची जागा दिली, असाच अर्थ मी लावतो.

नंतरची भर आहे ती वेगळीच. जोडप्यांच्या मधल्या बुद्धमूर्ती पाचव्या-सहाव्या शतकातल्या, महायान काळातल्या. त्या कोरताना जुनी वेदिकेची नक्षी तासली गेली. जोडपी मात्र राहिली. त्या पिढीला बुद्ध मूर्तिरूपात हवे होते. तिने स्वतःसाठी जागा केली, पण जोडप्यांवर छिन्नी चालवली नाही.

आणि हे लेणे ना पांडवांचे, ना एकट्या राजाचे. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त, सुतार सामी, यवन, भिक्षुणी यांची नावे दानलेखांत आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी सुताराचे नाव दगडावर कोरले गेले, ही गोष्ट मित्रांनो, छोटी नाही.

चैत्यासमोर एकवीरेचे देऊळ आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या येणारे कोळी बांधव आपले शत्रू नाहीत. लढा आहे तो लेण्याची बौद्ध ओळख पुसण्याशी, आणि तो पुराव्याने लढायचा.

रस्ता बाबासाहेबांनी जवळच दाखवला आहे. 25 डिसेंबर 1954 रोजी देहूरोडला त्यांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती स्थापन केली. पंढरपूरचा विठोबा मूळचा बुद्धच, हे खळबळजनक मत त्याच सभेत मांडले. मूर्ती फोडा, असे ते म्हणाले नाहीत. संशोधन करून ते सिद्ध करण्याचा मानस सांगितला.

म्हणून पुढच्या सहलीत सेल्फीआधी शिलालेख वाचा. ब्राह्मी शिका. भदसम कोण, सामी कोण, हे लहान मुलांना तिथेच उभे करून सांगा. आपला इतिहास आपण वाचला नाही, तर दुसरे लोक तो त्यांच्या सोयीने सांगतील.

जय भीम! नमो बुद्धाय!