वाचनखूण (शब्दप्रक्रिया)

वाचनखूण किंवा बुकमार्क म्हणजे शब्दप्रक्रिया प्रणालीत तयार केलेल्या दस्तऐवजातील एखाद्या जागेला अथवा मजकुराच्या भागाला दिलेले नाव होय. या नावाच्या आधारे त्या भागाकडे थेट जाता येते, तसेच तोच मजकूर दस्तऐवजात इतरत्र आपोआप दाखवता येतो.

रचना

मजकुराच्या भागावरील वाचनखुणेला आरंभ आणि शेवट अशा दोन सीमा असतात. ऑफिस ओपन एक्सएमएल या धारिका-स्वरूपात या सीमा दोन स्वतंत्र खुणांच्या रूपात साठवल्या जातात आणि समान क्रमांकाने परस्परांशी जोडलेल्या असतात. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये वाचनखुणेचे नाव कमाल ४० वर्णांचे असते व त्यात रिकामी जागा चालत नाही.

सीमांचे वर्तन

वर्डच्या पर्यायांमध्ये वाचनखुणा दाखवण्याची सोय सुरू केल्यास या सीमा चौकटी कंसांच्या रूपात दिसतात. हे कंस छापले जात नाहीत. आरंभीच्या कंसानंतर किंवा मधे टंकित केलेला मजकूर वाचनखुणेत समाविष्ट होतो. शेवटच्या कंसानंतरचा मजकूर तिच्याबाहेर राहतो. कंसांतील संपूर्ण मजकूर पुसल्यास वाचनखूणही नष्ट होते.

याचे परिणाम अनेकदा उशिरा लक्षात येतात. उदाहरणार्थ, भाडेकरारात भाड्याची रक्कम वाचनखुणेद्वारे पुढील कलमांत घेतलेली असेल आणि मूळ रक्कम संपूर्ण पुसून नवी लिहिली, तर पुढील कलमांत जुनीच रक्कम राहते. क्षेत्रे अद्ययावत केल्यावर तिच्या जागी त्रुटीचा संदेश येतो.

सीमांची दुरुस्ती

सीमा चुकल्यास अपेक्षित मजकूर नेमका निवडून वाचनखुणेच्या चौकटीत पूर्वीचेच नाव पुन्हा जोडावे लागते. त्यामुळे जुन्या सीमा रद्द होऊन नव्या लागू होतात. नाव तेच असल्याने त्यावर आधारलेले संदर्भ बदलावे लागत नाहीत. त्यानंतर संपूर्ण दस्तऐवज निवडून एफ९ कळ दाबल्यास मुख्य मजकुरातील संदर्भ अद्ययावत होतात. मॅक्रोद्वारे वाचनखुणेतील मजकूर बदलतानाही ती नष्ट होऊ शकते; म्हणून नवा मजकूर भरल्यावर त्याच नावाने वाचनखूण पुन्हा जोडण्याची पद्धत आहे.