वडिलांमागें उरलेलीं हत्यारें

वडील गेल्यावर घर, शेत, दागदागिने यांची वांटणी कशी करावी हें शास्त्रांनीं आणि कायद्यांनीं सांगून ठेविलें आहे. परंतु त्यांच्या हातांतील हत्यारांचें काय करावें, याविषयीं सहसा कोणी स्पष्ट बोलत नाहीं. विकावीं तर मन धजत नाहीं. ठेवावीं तर गंज चढतो. खंडेनवमीला गंधफूल वाहून एरवीं वर्षभर फडताळांत पडून राहणाऱ्या कानशी आणि पटाशा आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं असतील. आज मी ज्या माळ्याची हकीकत सांगणार आहें तो आपल्या देशांतला नव्हे. पण तेथील मुलापुढें प्रश्न हाच होता.

इंग्लंडांत बर्मिंगहॅम शहरालगत हँड्सवर्थ येथें हीथफील्ड नांवाचें घर होतें. वाफेच्या एंजिनांत वाफ थंड करण्यासाठीं निराळें पात्र जोडून ज्यानें कोळशाचा खर्च फार कमी केला, तो जेम्स वॅट तेथें राहत असे. हा मनुष्य मूळचा उपकरणें घडविणारा कारागीर. ग्लासगो विद्यापीठांत त्याला पहिलें काम मिळालें तेंही एका मृताच्या वारशामुळेंच. जमेकांतील अलेक्झांडर मॅकफार्लेन या व्यापाऱ्यानें आपलीं खगोलवेधाचीं उपकरणें विद्यापीठास ठेविलीं होतीं. तीं साफसूफ करण्याचें काम १७५६ सालीं वॅटकडे आलें आणि त्याचे त्याला पांच पौंड मिळाले. पुढें मॅथ्यू बोल्टन याच्याशीं १७७५ पासून भागी, नांवलौकिक, संपत्ति, हें सर्व आपण शाळेंत वाचलेलेंच आहे.

१८०० सालीं भागीची मुदत संपली आणि वॅट धंद्यांतून मोकळा झाला. परंतु हात मोकळे राहीनात. घराच्या माळ्यावरील एका लहानशा खोलींत त्यानें शेगडी, लेथ आणि जन्मभर जमविलेलीं हत्यारें मांडलीं, आणि पुतळ्यांच्या प्रती कोरणारीं दोन यंत्रें रचण्यांत उरलेलें आयुष्य घालविलें. एक मूळाएवढीच प्रत करी, दुसरें लहान. खालीं पत्नीची टापटीप फार कडक असल्यामुळें म्हणा, कामाच्या नादामुळें म्हणा, जेवणही तो पुष्कळदां तेथेंच शिजवी. त्याच खोलींत एक पेटी होती. तींत त्याचा धाकटा मुलगा ग्रेगरी याचीं शाळेंतील पुस्तकें आणि वह्या होत्या. ग्रेगरी १८०४ सालीं, ऐन सत्ताविशींत, क्षयानें गेला होता. म्हणजे मुलाच्या वस्तु न टाकणारा बाप आधीं त्या खोलींत बसला होता, हें ध्यानांत ठेवावें.

२५ ऑगस्ट १८१९ रोजीं वॅट वारला. थोरला मुलगा, नांवानें तोही जेम्सच, बापाच्याच धंद्यांत होता. हत्यारांची किंमत त्याला कळत नव्हती असें नाहीं. त्यानें तीं विकलीं नाहींत, कारखान्यांत नेलीं नाहींत, कोणास दिलींही नाहींत. त्यानें खोलीला कुलूप लावलें. शेगडींत शेवटच्या विस्तवाची राख तशीच, खिळ्याला तवा तसाच. १८४८ सालीं तो मुलगाही गेला; खोली बंदच राहिली. अधूनमधून एखादा पाहुणा आंत डोकावे, एवढेंच. अखेर घर पाडण्याची वेळ आली तेव्हां, १९२४ सालीं, जमिनीच्या फळ्या, दार आणि खिडकी यांसकट ती खोली लंडनच्या सायन्स म्यूझियममध्यें नेण्यांत आली. आठ हजारांहून अधिक वस्तु निघाल्या. त्यांत प्लॅस्टरचा एक सांचा होता. तो कोणाच्या पुतळ्याचा, हें कळत नव्हतें. अलीकडे, २०११ च्या सुमारास, प्रकाशकिरणांनीं त्याचें सूक्ष्म मोजमाप करून पाहतां आंतला चेहरा खुद्द वॅटचाच निघाला. वस्तु बाजारांत गेल्या असत्या तर सांचा उकिरड्यावर गेला असता.

तरी मला स्वतःला हें कुलूप पुरतें रुचत नाहीं. शंभरावर वर्षें त्या कानशींनीं एक लोखंड घासलें नाहीं. आणि बर्मिंगहॅमसारख्या गांवांत तर कानस विकत घेण्याची ऐपत नसलेले उमेदवार कारागीर गल्लोगल्लीं असतील. म्हणून दुसऱ्या एका मुलाची गोष्ट मला अधिक जवळची वाटते. गणितयंत्रांचा कल्पक चार्ल्स बॅबेज १८७१ सालीं वारला. नकाशे, कारखाना आणि हत्यारें त्यानें हेन्री या मुलाला ठेविलीं. हा हेन्री हिंदुस्थानांत बंगालच्या सैन्यांत अधिकारी होता. अपुऱ्या राहिलेल्या यंत्राचे हजारों सुटे भाग पडलेले होते. त्यांतील बहुतेक मोडींत जाऊन वितळले, याची हळहळ वाटतेच. परंतु थोडे निवडून त्यानें चालते असे लहान नमुने जुळविले आणि केंब्रिज, लंडन, हार्वर्ड अशा विद्यापीठांना पाठविले. बापाचे लेख व त्या यंत्रांवरील इतरांचें लेखन एकत्र करून १८८९ सालीं पुस्तक छापलें. आणि म्हातारपणीं, विसाव्या शतकाच्या आरंभीं, बापाच्या दुसऱ्या यंत्राचा एक भाग स्वतः उभा करून त्याच्याकडून गणितें करविलीं. यंत्र चुकतही असे, पण चाले.

हार्वर्डला गेलेला नमुना पुढें माळ्यावरच पडला होता. १९३० नंतरच्या दशकांत हॉवर्ड एकन या तरुणानें तो पाहिला आणि बॅबेज कोण, याचा शोध घेऊं लागला. त्याचें प्रचंड गणितयंत्र १९४४ सालीं त्याच विद्यापीठांत चालूं झालें. तें त्या नमुन्यावरून बेतलें होतें असें मात्र नव्हे. चाकें हातांत घेऊन पाहिलीं, एवढेंच.