देवरूखची डार्करूम कोणी बंद केली?

देवरूखच्या बाजारपेठेतल्या फोटो स्टुडिओत आज शिरलो, तर संगणक, प्रिंटर आणि पासपोर्ट फोटोसाठी लावलेला पांढरा पडदा दिसतो. डार्करूम डिजिटलने संपवली, असे आपण सर्रास म्हणतो. मागे जाऊन पाहिले, तर आरोपी दुसराच निघतो.

त्यासाठी आधी मुंबईला जाऊ. १८३९ मध्ये डागेरची छायाचित्रणाची कृती पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या सोसायटीतले जाणते छायाचित्रकार. भाऊंच्या नावाचे संग्रहालय सर्वांना ठाऊक, नारायणरावांची आठवण मात्र क्वचितच निघते. त्या काळी काचेवर कलोडियन ओतायचे आणि ते ओले असेतोवरच फोटो काढून धुवायचाही. म्हणजे बाहेरगावी जाताना अंधारा तंबू बरोबर हवाच. १८७१ मध्ये मॅडॉक्सने कोरड्या काचेची वाट दाखवली. १८८८ मध्ये ईस्टमनचा कोडॅक आला, त्यात शंभर फोटोंचा रोल भरलेला असे आणि तो संपला की अख्खा कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. फोटो एकाने काढायचा आणि धुवायचा दुसऱ्याने, ही रीत इथून रुळू लागली.

तालुक्याच्या गावातला फोटोग्राफर मात्र पुढेही बरीच वर्षे सगळे स्वतःच करत राहिला. लाल बल्बखाली ट्रे हलवायचा, फोटो पक्का करायला कागद हायपोत टाकायचा, निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने ‘टचिंग’ करून नवरीच्या गालावरचे वण झाकायचे. कृष्णधवल रसायने थोडेफार उन्नीसबीस चालवून घेत. रंगीत फिल्मला ते खपेना. १९७२ मध्ये आलेल्या सी-४१ प्रक्रियेत डेव्हलपर ३७.८ अंश सेल्सियसवरच हवा. जरासे चुकले की रंगाचा भरवसा नाही. छोट्या स्टुडिओला ही यंत्रे कुठली परवडायला? मकरसंक्रांतीला देवरूखजवळच्या मार्लेश्वर-गिरिजादेवीच्या लग्नसोहळ्यात काढलेला छत्तीसचा रंगीत रोल मग शहरातल्या लॅबकडे जायचा आणि प्रिंटची वाट पाहत बसायचे. गावच्या डार्करूमला कुलूप घातले ते या रंगाने, डिजिटल येण्याच्या कितीतरी आधी.

गंमत अशी, की त्या सुमारासच, १९७५ मध्ये, कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसनने डिजिटल कॅमेरा जुळवला होता: वजन ३.६ किलो, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. कंपनीने घरचा शोध धंद्यात उतरवायला हातचे राखले आणि जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तोवर १९९९ च्या निकॉन डी-१ ने वृत्तपत्रांचे छायाचित्रकार डिजिटलकडे वळवले होते आणि २००३ च्या कॅनन ३००डी पासून असा कॅमेरा हौशी माणसाच्याही आवाक्यात येऊ लागला. गावच्या स्टुडिओला डिजिटलने, माझ्या मते, हिरावलेले काम परतच दिले: टचिंग पेन्सिलीऐवजी माउसने, पण पुन्हा स्वतःच्या खुर्चीत. लग्नाच्या अल्बमची छपाई तेवढी अजून बहुधा बाहेरच होते, आणि बाकीचे फोटो गिऱ्हाइके आपापल्या मोबाइलवर काढतात.