न जिंकता येणारा खेळ

कॉम्प्युटर गेम म्हटलं की हल्ली डोळ्यांसमोर बंदुका येतात, नाहीतर सुसाट गाड्या. त्यातलं मला फारसं कळत नाही. मी ज्या एका खेळावर मनापासून जीव लावला त्यात ना गोष्ट होती, ना शत्रू, ना शेवटी सोडवायची राजकन्या. वरून तुकडे पडतात, ते खाली नीट बसवायचे. बस्स! टेट्रिस. शिवाय तो जिंकता येत नाही. कितीही छान खेळा, कधीतरी ढीग वर टेकतोच. मग त्यात मजा कसली, हा प्रश्न माझ्या डोक्यात बरीच वर्षं आहे. आणि त्याचं उत्तर मला या खेळाच्या जन्मकथेतच सापडतं.

१९८४ साली अलेक्सी पाजित्नोव मॉस्कोत सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करत होते. गृहस्थांना कोड्यांचा भारी नाद. पेंटोमिनो नावाचं एक जुनं कोडं आहे, पाच-पाच चौकोन जोडून केलेले बारा तुकडे आणि ते चौकटीत गच्च बसवायचे. हे संगणकावर आणावं असं त्यांच्या मनात आलं. पण पडत्या तुकड्यांच्या खेळात बारा आकार लक्षात ठेवणं म्हणजे डोक्याला ताप, म्हणून त्यांनी पाचाचे चार चौकोन केले. तुकडे उरले सात. त्यांच्या इलेक्ट्रॉनिका ६० या यंत्राला चित्रं काढताच येत नव्हती, त्यामुळे चौकोन दाखवायला चक्क कंस वापरले!

पण एक अडचण होती. तुकडे पडायला लागले की काही सेकंदांत पडदा भरायचा आणि खेळ खलास. मग पाजित्नोवांच्या लक्षात आलं, की पूर्ण भरलेली ओळ तशीही निरुपयोगी असते, उगाच जागा अडवते. मग ती काढूनच टाकली तर?

मला विचाराल तर टेट्रिस खऱ्या अर्थानं जन्मला तो या क्षणी. बघा ना, तुम्ही केलेलं चांगलं काम तिथल्या तिथे नाहीसं होतं आणि चुका तेवढ्या पडद्यावर राहतात, सगळ्यांना दिसतील अशा. थोडक्यात, घरकाम! आवरलेला ओटा कुणाच्या नजरेत येत नाही, खरकटं भांडं मात्र लगेच येतं. फरक एवढाच, की इथे आवरल्याचं बक्षीस त्याच क्षणी मिळतं, आणि ते गुण नसून मोकळी जागा असते. पुढची चाल खेळायला जागा. (घरातही असं झालं असतं तर काय हवं होतं!)

पुढचा इतिहास ठाऊक असेलच. वादिम गेरासिमोव या सोळा वर्षांच्या मुलानं तो आयबीएम पीसीवर आणला, फ्लॉपीवरून तो हातोहात पसरला, १९८९ मध्ये गेम बॉयसोबत घरोघर गेला. हक्क सोव्हिएत सरकारकडे, त्यामुळे पाजित्नोवांना मानधन सुरू झालं ते थेट १९९६ मध्ये.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात तो 'ब्रिक गेम' म्हणून आला. पेन्सिल सेलवर चालणारं, राखाडी पडद्याचं ते खेळणं आठवतंय? त्यावर भांडण एकाच गोष्टीचं असायचं, लांब दांडी हवी तेव्हा येत नाही! खड्डा तयार करून वाट बघत बसायचं, आणि येणार ते नागमोडी तुकडे. गणितज्ञांनी नव्वदच्या दशकात सिद्धच केलं, की दोन्ही नागमोडी तुकडे आलटून पालटून पुरेसे वेळा आले तर कसलाही खेळाडू हरतो. तुकडे खरोखर नशिबानं येत असतील तर असा फेरा कधी ना कधी येणारच. २००० नंतरच्या आवृत्त्यांत म्हणून नियम बदलला, सातही तुकडे पिशवीत घालून एकेक काढल्यासारखे येतात. दांडी फार काळ रुसत नाही. मला हा बदल पटतो. हरलो तर ती चाल माझी होती, नशिबाची नव्हे, हे कळलं की माणूस पुन्हा खेळतो.

म्हणूनच २०१२ च्या कॅन्डी क्रशशी माझं जमलं नाही. तिथे पाच जीव. संपले की एक जीव परत यायला अर्धा तास थांबा, नाहीतर मित्रांकडे मागा किंवा पैसे भरा. खेळ चांगलाच आहे, पण तो मला अडवतो तेव्हा माझ्या चालीशी त्याचा संबंध उरलेला नसतो. चटक लागते, खरंय. पण चटक आणि मजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टेट्रिसमध्ये हरल्यावर पुढच्याच सेकंदाला नवा डाव सुरू.

असो. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका तेरा वर्षांच्या मुलानं १९८९ च्या निन्टेंडो टेट्रिसची १५७ वी पातळी गाठली आणि खेळच गोठला. तुकडा पुढे सरकेना. माणसानं इथवर पोचायची ही पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी आणखी एका मुलानं, गोठण्याचा दोष काढलेल्या आवृत्तीवर, २५५ वी पातळीही ओलांडली. आकडा शून्यावर आला, तुकडे पुन्हा सावकाश पडू लागले, आणि तो खेळत राहिला.